खिडकी बदलायचा खर्च: स्क्वेअर फुटाच्या दरात काय असतं आणि काय राहून जातं

मे महिना लागला की मुंबई-पुण्यातल्या ॲल्युमिनियमवाल्यांचे फोन लागेनासे होतात. मागच्या पावसाळ्यात खिडकीखालची भिंत फुगलेली असते, रंगाचे पापुद्रे निघालेले असतात, आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की घरोघरी खिडक्यांचा विषय निघतो. दोन-तीन जणांना बोलावून माप दिलं जातं आणि मग गोंधळ सुरू होतो. त्याच खिडकीला एक जण स्क्वेअर फुटाला ४५० रुपये सांगतो, दुसरा ७५० आणि शोरूमवाला १,४००. तिघंही म्हणतात, आमचा माल एक नंबर.

यातला कुणी फसवत असेलच असं नाही. तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगितलेले असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खिडकी गळणार की नाही हे ज्यावर ठरतं, त्या कामाचा उल्लेख बहुतेक वेळा तिघांच्याही दरात नसतो. म्हणून आधी दर उलगडून पाहू.

दर नेमका कशाचा?

खिडकीचे तीन भाग असतात. भिंतीत बसते ती चौकट, तिच्यात सरकतात किंवा उघडतात ती शटर्स, आणि शटरमधली काच. चौकट आणि शटर ज्या पोकळ पट्ट्यांपासून बनतात त्यांना बाजारात ‘सेक्शन’ म्हणतात. पुढे हा शब्द वारंवार येईल.

ॲल्युमिनियमचं सेक्शन फॅब्रिकेटर किलोवर विकत घेतो आणि तुम्हाला स्क्वेअर फुटावर विकतो. दरातली निम्मी तफावत इथेच लपलेली असते. पट्टीची जाडी १.५ मिमीऐवजी १.२ मिमी घेतली की धातू साधारण पाचव्या हिश्शाने कमी लागतो. पावडर कोटिंग झाल्यावर दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच. फरक कळतो तो जोराच्या वाऱ्यात शटर थरथरायला लागल्यावर.

हा वारा किती असतो, तर इमारतींसाठीच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. सेकंदाला ४४ मीटर म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. असा झोत ५ फूट बाय ४ फूट खिडकीवर आला, तर तिच्यावर सुमारे २२० किलो भार पडतो. तीन धडधाकट माणसं एकदम टेकल्यासारखंच. वरच्या मजल्यांवर हा आकडा आणखी वाढतो. असा झोत रोज येत नाही, पण चक्रीवादळाच्या एका रात्रीत येऊ शकतो. त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या बाराव्या मजल्यावरच्या घराला तळमजल्यावरच्या घराचा दर लागू करण्यात अर्थ नाही.

आज मुंबई-पुण्यातले ढोबळ दर असे दिसतात: साधी दोन ट्रॅकची ॲल्युमिनियम स्लायडिंग ३५० ते ५०० रुपये, जाड सेक्शनची आणि मच्छरजाळीसाठी तिसरा ट्रॅक असलेली ५५० ते ८५०, यूपीव्हीसीची ६०० ते १,१००. कंपनीच्या कारखान्यात पूर्ण तयार होऊन येणारी, ज्याला ‘सिस्टिम विंडो’ म्हणतात, ती १,२०० च्या पुढे कुठेही. धातूचा भाव हलला की हे दरही हलतात.

यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारी रसायनं न घालता बनवलेलं कडक पीव्हीसी. त्याचे कोपरे स्क्रूने न जोडता वितळवून जोडतात, त्यामुळे कोपऱ्यांतून पाणी झिरपत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचाही त्याला त्रास नाही. मात्र आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी हवी. ती नसली तर मोठं शटर वाकतं. स्वस्त यूपीव्हीसी स्वस्त असतं त्यात बऱ्याचदा ही पट्टी गाळल्याचा हात असतो, आणि ती बाहेरून दिसत नाही. खिडकी बसण्याआधी कापलेला एक तुकडा हातात घेऊन बघायला मागा. देणारा देतो, टाळणारा टाळतो, दोन्हीतून तुम्हाला कळायचं ते कळतं.

माप कसं वाढतं

समजा, खिडकीचं माप ४ फूट ७ इंच बाय ३ फूट ८ इंच आहे. गुणाकार केला तर १६.८ स्क्वेअर फूट होतात. बिलात येतात २०. कारण काच आणि खिडकी मोजताना माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांवर नेण्याची पद्धत आहे. सहा इंचांचा हिशेब लावला की ४ फूट ७ इंचांचे ५ फूट होतात आणि ३ फूट ८ इंचांचे ४ फूट. एका रुपयानेही दर न वाढवता खिडकी १९ टक्क्यांनी महाग झाली. तीन इंचांचा हिशेब लावला असता तर वाढ जेमतेम ६ टक्के होती.

ही पद्धत जुनी आहे, काच कापताना वाया जाते हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की ते आधी सांगावं. संडास-बाथरूमच्या छोट्या खिडकीला तर ‘कमीत कमी इतके स्क्वेअर फूट धरणार’ असा नियम असतो, आणि दोन बाय दोनच्या खिडकीचे पैसे तिप्पट मापाचे लागतात. म्हणून दर विचारूच नका, प्रत्येक खिडकीची पूर्ण किंमत लिहून मागा. तीन कोटेशनांची तुलना मग मिनिटभरात होते.

पाणी आत येतं कसं?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी पडणारच, ती कितीही भारी असो. ते बाहेर काढून देण्यासाठी ट्रॅकला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं किंवा खाचा ठेवतात. त्यांना निचऱ्याची भोकं म्हणू. ट्रॅकच्या आतल्या बाजूला एक उभी कड असते, ती पाणी घरात येऊ देत नाही.

मग पाणी त्या कडेवरून कसं येतं? गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकं उघडी असली की पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर राहतं. एका टोकाने फुंकर मारली की दुसऱ्या टोकातलं पाणी वर चढतं. खिडकीत हेच होतं. बाहेरून वारा निचऱ्याच्या भोकांवर दाब देतो, बंद घरात दाब कमी असतो, आणि ट्रॅकमधलं पाणी आतल्या बाजूला वर चढतं.

किती वर, याचा हिशेब करता येतो. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात पाणी सुमारे अडीच सेंटिमीटर वर धरलं जातं. आतली कड दोन सेंटिमीटरची असेल तर पाणी फरशीवर आलंच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून एरवीच्या पावसात कोरडी राहणारी खिडकी वादळी पावसात अचानक धो धो गळते. घराच्या दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी असेल तर आतली हवा तिकडून खेचली जाते आणि गळती वाढते. अशा वेळी ती बंद करून बघा.

म्हणजे खिडकी घेताना कडेची उंची विचारायला हवी. जास्त पावसाच्या बाजूला तीन सेंटिमीटरपेक्षा बुटकी कड घेऊ नये असं माझं मत आहे. पश्चिमेचा मारा सरळ येत असेल तर सरकणारी खिडकी सोडून कब्जांवर उघडणारी घ्यावी. ती बंद करताना रबरावर चारही बाजूंनी दाबून बसते, सरकणारीला ते जमत नाही.

आणि एक चूक इतकी सर्रास दिसते की ती ठासून सांगायला हवी. खिडकी गळते म्हणून कुणीतरी बाहेरून, खालच्या कडेला सिलिकॉन भरतो. त्या सिलिकॉनखाली निचऱ्याची भोकं बुजतात. आता पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ट्रॅक काठोकाठ भरतो आणि सगळं पाणी आत येतं. ग्रॅनाइटची पट्टी बसवताना सिमेंटने भोकं बुजवणारेही कमी नाहीत.

बसवण्याचं काम: इथे हात आखडू नका

चौकट आणि भिंत यांच्यात सगळीकडून पाच ते दहा मिलिमीटर फट राहायला हवी. उन्हात वस्तू वाढतात. दीड मीटरची पट्टी तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ॲल्युमिनियमची असेल तर एक मिलिमीटर आणि यूपीव्हीसीची असेल तर जवळपास तीन मिलिमीटर वाढते. चौकट भिंतीत सिमेंटने घट्ट चिणली, तर दर उन्हाळ्यात तिथे बारीक भेग पडते आणि दर पावसाळ्यात त्या भेगेतून पाणी येतं. शिवाय ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. चौकटीवर संरक्षक टेप ठेवूनच प्लास्टर करायला लावा.

फट भरायला फोम वापरतात. फोम जागा भरतो, पाणी अडवत नाही. पाणी अडवतं ते त्यावर बाहेरून मारलेलं सीलंट. सिलिकॉन दोन प्रकारचं मिळतं. एक लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते काचेला ठीक आहे, पण सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूला खराब करू शकतं. बाहेरच्या कामाला ‘न्यूट्रल’ लिहिलेलं हवं. दोन नळ्यांच्या किमतीतला फरक किरकोळ असतो. बसवणारा माणूस नळी उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा आणि वास घ्या, एवढी तपासणी कुणालाही जमते.

खालच्या ट्रॅकमध्ये चौकट आवळायला स्क्रू मारतात. प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला भिंतीत उतरायची वाट. त्यावर सीलंटचा ठिपका पडला का, ते बघा. ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेर उतार हवा. ती भिंतीच्या इंचभर तरी पुढे यायला हवी आणि तिच्या पोटाला एक खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो, भिंतीवरून ओघळत नाही. जुन्या वाड्यांच्या दगडी छज्ज्यांनाही अशी खाच दिसते. आता ती कापून घ्यायची तर मुद्दाम सांगावं लागतं.

आता सगळा हिशेब मांडू. ५ बाय ४ ची खिडकी, दर समजा ६५० रुपये. खिडकीचे झाले १३,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २,३४०. जुनी काढून डेब्रिज खाली नेणं, समजा १,५००. ग्रॅनाइट, प्लास्टर आणि सीलंट ३,५००. ग्रिल काढून परत बसवणं १,५००. एकूण २१,८४०, म्हणजे स्क्वेअर फुटाला १,०९२ रुपये, तोही भिंतीला रंग न लावता. बाहेरून परांची बांधावी लागली तर हिशेब आणखी बदलतो. जुन्या ॲल्युमिनियमला भंगारात चांगला भाव येतो. ते कोण घेणार हेही आधी ठरवा, नाहीतर ते बसवणाऱ्यांबरोबर निघून जातं आणि वजावट कुठेच दिसत नाही.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ असं सांगणारे भेटतात. बिल नसेल तर वॉरंटीला आधार राहत नाही आणि तक्रार करायला कागद राहत नाही. कर चुकवणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

‘दुहेरी काच लावली तर एसीचं बिल कमी होईल ना?’

होईल, पण किती ते बघा. एकेरी काचेतून एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला, साधारण ५.८ वॉट उष्णता आत येते. मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेतून सुमारे २.८. बाहेर ३३ अंश आणि आत २५ असेल, तर ५ बाय ४ च्या खिडकीत हा फरक ४५ वॉटचा पडतो. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून वाचली १५ वॉट वीज. आठ तासांचं ०.१२ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी रात्रीला सव्वा रुपया. वर्षातून दीडशे रात्री एसी चालवला आणि दुहेरी काचेला ५,००० रुपये जास्त पडले, तर ते वसूल व्हायला पंचवीसहून अधिक वर्षं लागतील.

युरोपात दुहेरी काच परवडते कारण तिथे हिवाळ्यात आत-बाहेर वीस-पंचवीस अंशांचा फरक महिनोन्महिने असतो. आपल्याकडे त्रास थेट उन्हाचा. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी ऊन पडलं की साध्या काचेतून ७०० वॉटच्या आसपास उष्णता सरळ खोलीत शिरते. त्यावर इलाज काचेच्या बाहेर सावली: छज्जा, बांबूची चिक, नाहीतर समोर एखादा वेल. आतला पडदा उशीर करतो, कारण ऊन तोवर काचेच्या आत आलेलं असतं.

आवाजासाठी म्हणाल तर आधी फटी बंद करा. जिथून हवा येते तिथून हॉर्न येतोच. दोन काचांमध्ये पातळ चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच आणि कब्जांची खिडकी हे जोडकाम रस्त्यावरच्या घराला खरंच उपयोगी पडतं. पण वजन लक्षात घ्या. ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. म्हणजे ५ बाय ४ च्या खिडकीत २३ किलो, आणि दुहेरी केली की ४६. चाकं आणि कब्जे त्या वजनाचे हवेत. लहान मुलांच्या घरात टफन्ड काच घ्या, फुटली तरी तिचे बोथट बारीक तुकडे होतात. मात्र ती भाजून झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे मापात चूक झाली तर नवी काच लागते. ती कुणाच्या खर्चाने, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

‘पण बदलायलाच हवी का?’

बऱ्याच घरांत नको. शटर जड सरकतं तेव्हा खालची चाकं झिजलेली असतात, ती बदलता येतात. शटरच्या कडेची केसाळ पट्टी आणि काचेभोवतीचं रबर काही वर्षांत वाळतं, तेही बदलता येतं. ट्रॅक खरवडून साफ करा, निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, जुनं सीलंट पूर्ण काढून नवीन मारा. एवढ्याने निम्म्या खिडक्यांचं आयुष्य वाढावं. सागवानी खिडकी असेल तर ती काढून टाकण्याआधी एखाद्या चांगल्या सुताराला नक्की दाखवा. तसं लाकूड आता त्या पैशात मिळत नाही.

आणि गळती खिडकीतून आहे की भिंतीतून, हे आधी तपासा. कोरड्या दिवशी ट्रॅकमध्ये मगाने पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. आत काहीच आलं नाही, आणि तरी वारा नसलेल्या पावसातही ओल येत असेल, तर बाहेरच्या प्लास्टरला खिडकीच्या वर भेग असण्याची शक्यता मोठी. तिथून शिरलेलं पाणी चौकटीवर उतरतं आणि दोष खिडकीला लागतो. नवी खिडकी बसवूनही ते येत राहील.

‘मग हे सोसायटीचं काम नाही का?’

भिंतीतून येत असेल तर हो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायच्या कामांत आहे. खुद्द खिडकी मात्र सभासदाच्या खर्चाची. म्हणून वरची मगाची चाचणी कमिटीच्या एखाद्या सदस्यासमोर करा आणि लेखी अर्ज द्या. खिडकी बदलण्याआधीही कमिटीची लेखी परवानगी घ्या. बाहेरचा रंग किंवा आकार बदलला तर वाद हमखास होतो.

घर नवीन असेल तर आणखी एक दार उघडं आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. दोन-तीन वर्षांच्या फ्लॅटमध्ये लोक स्वखर्चाने खिडक्या बदलताना दिसतात तेव्हा वाईट वाटतं. आधी ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र पाठवा, फोटो जोडा, तारीख ठेवा.

पैसे कधी द्यायचे, काम कधी काढायचं

कोटेशनमध्ये सेक्शनची जाडी, काचेची जाडी आणि प्रकार, जाळी धरून की वेगळी, माप वाढवण्याची पद्धत, जुनी काढणं आणि प्लास्टर कुणाचं, हे लिहिलेलं हवं. शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे पाण्याच्या चाचणीनंतर द्यायचे, हेही त्यातच लिहा. चाचणी सोपी आहे: बाहेरून पाइपने किंवा बादलीने दहा-पंधरा मिनिटं खिडकीवर पाणी मारायचं आणि आत कोपऱ्यांवर टिश्यू पेपर दाबून बघायचं. चांगला कारागीर या अटीला नाही म्हणत नाही.

ग्रिल नव्याने करणार असाल तर त्यात आतून उघडणारा, माणूस बाहेर पडेल एवढा भाग ठेवा आणि किल्ली सगळ्यांना माहीत असेल अशा जागी टांगा. आग लागली की पूर्ण बंद ग्रिल हाच सापळा होतो. आणि बाहेरच्या बाजूला उभं राहून काम करणाऱ्या मुलांना पट्टा आहे का, हे विचाराच. आठव्या मजल्यावर एका हाताने ग्रिल धरून दुसऱ्या हाताने सीलंट मारणारी पोरं आपण सगळे बघतो. सेफ्टी बेल्टशिवाय काम सुरू करू देणार नाही, असं घरमालकाने सांगितलं तर ठेकेदाराला ऐकावं लागतं. त्यासाठी पाचशे रुपये जास्त लागले तर द्यावेत.

काम शक्यतो डिसेंबर ते मार्च या काळात काढा. भिंती तोवर सुकलेल्या असतात, सीलंट कोरड्या पृष्ठभागावर नीट बसतं, आणि कारागिरांना घाई नसते. पावसाळ्याआधी एखाद्या खिडकीत दोष निघालाच, तर तो दुरुस्त करून घ्यायला तुमच्या हातात दोन-तीन महिने राहतात.